टायटॅनोसॉरस: कुळाला नाव दिलं, स्वतः मात्र बाद

सातपुडी

लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांमध्ये शेवटपर्यंत टिकलेला आणि जगभर पसरलेला गट म्हणजे टायटॅनोसॉर. अंटार्क्टिका धरून सगळ्या खंडांवर त्यांची हाडं सापडली आहेत. नावं मिळालेले प्राणी शंभराच्या आसपास भरतील. यात पॅटागोटायटनसारखं पन्नास टनांच्या वरचं धूड आहे, तसा रुमानियातल्या एका प्राचीन बेटावरचा, हत्तीपेक्षाही हलका मॅग्यारोसॉरससुद्धा आहे. पण ज्याच्या नावावरून सगळ्या गटाचं बारसं झालं तो आपल्या जबलपूरचा टायटॅनोसॉरस इंडिकस २००३ पासून बहुतेक अभ्यासकांच्या लेखी बाद आहे. हे कसं झालं, आणि त्याच्या जागी आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला एक प्राणी कसा पुढे आला, यावर हा धागा.

सुरुवात १८२८ची. ठगांच्या बंदोबस्तासाठी पुढे प्रसिद्ध झालेला इंग्रज अधिकारी स्लीमन तेव्हा जबलपूरला होता. तिथल्या बारा सिमला टेकडीजवळ त्याला दगड झालेली हाडं मिळाली. ‘डायनासोर’ हा शब्दच अजून जन्माला यायचा होता, तो रिचर्ड ओवेनने १८४२ साली छापला. हाडं फिरत फिरत कलकत्त्याला पोचली आणि तिथे वर्षानुवर्षं पडून राहिली. १८७७ साली रिचर्ड लिडेकर या भूवैज्ञानिकाने त्यांतले शेपटीचे दोन मणके बघून नवी प्रजाती जाहीर केली: टायटॅनोसॉरस इंडिकस. (नावातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जीनसचा, दुसरा त्यातल्या जातीचा, म्हणजे स्पीशीजचा.) नंतर त्याच भागातलं मांडीचं एक हाडही त्याच्याच नावे जोडलं गेलं. बस, एवढीच इस्टेट.

लिडेकरला त्या मणक्यांत काय दिसलं? मणक्याची पुढची बाजू खोलगट आणि मागची फुगीर, त्यामुळे एकाचा फुगवटा मागच्याच्या खळग्यात बसतो. तेव्हा माहीत असलेल्या मोठ्या शाकाहारी डायनासोरांच्या शेपट्यांचे मणके दोन्हीकडून साधारण सपाट किंवा किंचित खोल असत. म्हणजे १८७७ मध्ये हे लक्षण खरोखरच वेगळं होतं. लिडेकरने हाती आलेल्या पुराव्यावर जे करायला हवं तेच केलं, हे मला आधी नोंदवायचं आहे, कारण पुढे त्याला दोष देणारे प्रतिसाद येणार हे दिसतंच आहे.

गडबड पुढे झाली. हे लक्षण असलेला मणका कुठेही मिळाला की तो टायटॅनोसॉरस! १८७९ मध्ये लिडेकरनेच चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी केला. १८९३ मध्ये अर्जेंटिनाचा ऑस्ट्रॅलिस, १८९६ मध्ये मादागास्करचा मादागास्करिएन्सिस, पुढे रुमानिया, इंग्लंडचं आयल ऑफ वाइट, लाओस… एकूण चौदा जाती या एका नावाखाली जमल्या. विसाव्या शतकाच्या शेवटी अर्जेंटिनातून सांगाडेच्या सांगाडे निघू लागले तेव्हा कळलं की पुढून खोल, मागून फुगीर हा मणका कुणा एकाची खूण नसून अख्ख्या मोठ्या शाखेत पसरलेली गोष्ट आहे. चीनच्या मामेन्चिसॉरसच्या शेपटीतही सुरुवातीचे मणके असेच आहेत, आणि तो तर या शाखेतलाच नाही. उलट मंगोलियाचा ओपिस्थोसिलिकॉडिया टायटॅनोसॉर असूनही त्याचे मणके नेमके उलटे, पुढून फुगीर!

२००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी चौदाही जातींची फेरतपासणी केली. निकाल असा: फक्त पाच जातींच्या हाडांत त्यांची स्वतःची अशी ओळख सापडते. आणि या पाचांत इंडिकस नाही. त्याचे मणके टायटॅनोसॉरचे आहेत यात शंका नाही, पण कोणत्या टायटॅनोसॉरचे, हे त्या मणक्यांवरून सांगता येत नाही. अशा नावाला लॅटिनमध्ये नोमेन डुबियम म्हणतात, म्हणजे शंकास्पद नाव. ब्लॅनफोर्डीचंही तेच झालं.

उरलेल्या पाचांपैकी एक मात्र भलतीच भरभक्कम होती: टायटॅनोसॉरस कोलबर्टाय. वरोऱ्याकडच्या डोंगरगावच्या टेकडीतून १९८४ ते ८६ या काळात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी ती खणून काढली. मान, पाठ, कंबर, शेपूट यांचे मणके, फासळ्या, कमरेची हाडं, खांदा आणि डावा पुढचा पाय, बराचसा भाग जागच्या जागी जोडलेला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये तिचं वर्णन छापलं. नावातला कोलबर्ट म्हणजे अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ एडविन कोलबर्ट. आता मूळ नावच शंकास्पद ठरल्यावर या सांगाड्याला त्या नावाखाली ठेवता येईना. म्हणून विल्सन आणि अपचर्च यांनी इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून नवं नाव दिलं, इसिसॉरस कोलबर्टाय.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे अजूनही पाठ्यपुस्तकं, वर्तमानपत्रं, माहितीफलक सगळीकडे ‘भारतातला डायनासोर’ म्हणून टायटॅनोसॉरस इंडिकसचं पूर्ण चित्र छापतात. दोन मणके आणि मांडीचं हाड यांवरून पूर्ण जनावर! आणि ज्याचा खरा सांगाडा महाराष्ट्राच्या मातीत मिळाला, त्या इसिसॉरसचं नाव वरोऱ्यातल्या शाळकरी पोराला तरी माहीत आहे का?

---

गोलमटोल

दोन मणक्यांवर चौदा जातींचा संसार! आमच्याकडे एका सातबाऱ्यावर चौदा हिस्सेदार असतात, त्यातला प्रकार दिसतोय.

वाचनखूण साठवली आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

तर्कदुष्ट

लेख आवडला, पण एक गोष्ट पचत नाही. मूळ टायटॅनोसॉरस बाद, मग टायटॅनोसॉर हा गट कसा शिल्लक? पायाच काढून घेतला तर वरचा मजला उभा कशावर? एक तर दोन्ही ठेवा, नाही तर दोन्ही टाका.

---

सातपुडी

@तर्कदुष्ट, हा प्रश्न तज्ज्ञांनाही पडला होता. इथे नावांचे दोन प्रकार वेगळे धरावे लागतात.

प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली कुळाच्या पातळीपर्यंत लागू होते. कुळाचं नाव एखाद्या प्रजातीवरूनच घ्यावं लागतं. टायटॅनोसॉरिडी हे कुळ टायटॅनोसॉरस या प्रजातीवर टेकलेलं. ती प्रजाती नीट ओळखताच येत नसेल तर कुळात कोण आत, कोण बाहेर, हे ठरवणार कसं? म्हणून विल्सन-अपचर्च म्हणाले की टायटॅनोसॉरिडी आणि त्याच्या पोटातली तशीच नावं सोडून द्या. अर्जेंटिनाच्या लिओनार्दो साल्गादो यांना हे पटलं नाही. त्यांनी त्याच वर्षी ‘टायटॅनोसॉरिडी हे नाव टाकायचं का?’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहून उलट बाजू मांडली. म्हणजे एकमत झालं असं समजू नका.

टायटॅनोसॉरिया मात्र कुळाच्या वरचं नाव आहे. १९९३ मध्ये बोनापार्ट आणि कोरिया यांनी दिलेलं. त्यावर नियमावलीचा अंमल चालत नाही. त्याची व्याख्या आता दोन खुंट्यांवर बांधलेली आहे: अर्जेंटिनाचा अँडेसॉरस आणि अर्जेंटिनाचाच साल्टासॉरस. या दोघांचा सगळ्यात अलीकडचा समान पूर्वज आणि त्या पूर्वजाचे सगळे वंशज म्हणजे टायटॅनोसॉरिया. बघा, व्याख्येत टायटॅनोसॉरस कुठेच नाही. त्यामुळे तो असला काय, नसला काय, गटाला धक्का लागत नाही.

---

वरोरावाला

ताई, वरोऱ्यातल्या पोराला माहीत आहे का विचारलंत, म्हणून मुद्दाम लॉगिन केलं. पोरांचं सोडा, मोठ्यांनाही ‘तिकडं डायनासोर निघाला होता’ एवढंच माहीत. नाव कुणी सांगितलंच नाही तर काहून माहीत राहील? फलकाचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं.

आमच्याकडं खरी ओळख हाडांची नाही, दगड झालेल्या लेंड्यांची. पिसदुऱ्याच्या शेतांत ते गोटे नांगरामागून वर येतात. दिसायला साधे दगड, पण शेणाच्या पोवासारखी वळणं स्पष्ट दिसतात. ते याच इसिसॉरसचे म्हणायचे का? आणि त्यात गवत निघालं असं ऐकलं होतं, ते खरं का?

---

सातपुडी

@वरोरावाला, गवताचं खरं आहे, आणि ती बातमी साधी नव्हती.

वनस्पतींच्या पेशींत सिलिकेचे बारीक कण तयार होतात. वनस्पती कुजून गेली तरी ते टिकतात, आणि आकारावरून कोणत्या गटाची वनस्पती ते सांगता येतं. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या लेंड्या तपासल्या तेव्हा ताड वर्गातल्या आणि सूचिपर्णी झाडांच्या बरोबरीने गवताचे कण निघाले. २००५ मध्ये सायन्स या नियतकालिकात हे छापून आलं. तोपर्यंत डायनासोरांच्या काळात गवत जवळपास नव्हतंच अशी समजूत होती. पिसदुऱ्याने ती मोडली. २०११ मध्ये त्याच गटाने आणखी पुढे जाऊन दाखवलं की त्या काळात भाताच्या नात्यातली गवतंसुद्धा मध्य भारतात होती. धान पिकवणाऱ्या पट्ट्याला हे सांगायला काय हरकत आहे!

पण ही जनावरं गाईगुरांसारखी कुरणात चरत होती असं समजू नका. गवत हा एकूण खाण्यातला एक वाटा. काही लेंड्यांत पानांवर डाग पाडणाऱ्या बुरशीही मिळाल्या, म्हणजे झाडाची पानंही पोटात जात होती. मिळेल ते ओरबाडायचं, न चावता गिळायचं, आणि मोठ्या पोटात सावकाश आंबवायचं, असा सगळा कारभार.

आता इसिसॉरसच्या लेंड्या का? ठामपणे नाही म्हणता येणार. आकार मोठा, आत वनस्पती, त्याच थरांत टायटॅनोसॉरांची हाडं, म्हणून टायटॅनोसॉरांच्या म्हणायच्या. त्यातल्या नेमक्या कोणाच्या, हे लेंडीवरून सांगता येत नाही. तिथे दोन तरी वेगळे टायटॅनोसॉर राहत होते.

---

पाटीपेन्सिल

आम्ही न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वारी ठरलेली. तिथे त्या पॅटागोटायटनची प्रतिकृती आहे, सदतीस मीटर, दालनात मावत नाही म्हणून मान बाहेर लिफ्टकडे डोकावते. माझ्या मुलाला तिथलं प्रत्येक नाव पाठ. पण मला प्रामाणिकपणे सगळे सारखेच दिसतात: लहान डोकं, लांब मान, हत्तीचे पाय, लांब शेपूट. डिप्लोडोकस, ब्रॅकिओसॉरस आणि टायटॅनोसॉर ओळखायचे कसे, कुणी साध्या भाषेत सांगेल का? आणि ब्रॉन्टोसॉरस हे नाव रद्द झालं होतं ना? मुलगा म्हणतो परत आलं.

---

खडकफोड्या

नमस्कार ताई. दगडांवर पोट भरणारा माणूस आहे, हाडांचा तज्ज्ञ नाही, पण नात्यांची वीण सांगतो.

सगळ्यात मोठा गट सॉरोपोडोमॉर्फा. त्यात सुरुवातीचे प्लॅटिओसॉरससारखे, बरेचसे दोन पायांवर चालणारे. पूर्वी त्यांना ‘प्रोसॉरोपॉड’ असं एकच घर दिलेलं होतं. आता ते घर मोडलं, कारण त्यातले काही पुढच्या चारपायी राक्षसांच्या जास्त जवळचे निघाले. त्या चारपायी मंडळींना अमेरिकेच्या मार्शने १८७८ मध्ये सॉरोपोडा म्हटलं. पहिल्यांदा हाडं मिळाली तेव्हा ओवेनला ती समुद्रातल्या प्राण्याची वाटली होती, म्हणून सेटिओसॉरस, देवमाशाचा भाऊबंद.

सॉरोपॉडांत पुढे दोन मोठ्या फांद्या फुटतात. एक डिप्लोडोकसची. तोंड चौकोनी, दात पेन्सिलीसारखे आणि फक्त पुढच्या बाजूला, पुढचे पाय मागच्यांहून आखूड, शेपूट चाबकासारखी. दुसरी फांदी मॅक्रोनारिया, म्हणजे मोठ्या नाकपुडीवाले. ब्रॅकिओसॉरस यातला: पुढचे पाय लांब, त्यामुळे पाठ मागे उतरती, दात चमच्यासारखे रुंद. टायटॅनोसॉर हे या ब्रॅकिओसॉरसच्याच अंगाचे, डिप्लोडोकसचे नव्हेत. गंमत म्हणजे बऱ्याच टायटॅनोसॉरांचे दात परत पेन्सिलीसारखे बारीक झाले. त्यामुळे कवट्या मिळेपर्यंत लोक फसायचे. २००१ मध्ये मादागास्करचा रॅपेटोसॉरस कवटीसकट आला तेव्हा कुठे बरंचसं स्पष्ट झालं.

म्युझियममध्ये टायटॅनोसॉर ओळखायचा तर डोकं सोडा, पुढचा पंजा बघा. डिप्लोडोकसला अंगठ्यावर मोठं नख असतं. टायटॅनोसॉरांच्या पुढच्या पायाला बोटांची हाडं जवळपास उरलीच नाहीत. तळहाताची पाच हाडं गोलाकार खांबासारखी उभी, त्यावर सगळा भार. दुसरं म्हणजे छाती आणि कंबर रुंद. त्यांच्या पाऊलखुणांत डावी-उजवी पावलं एकमेकांपासून फाकलेली असतात, बाकीच्यांची मधल्या रेषेजवळ. काहींच्या कातडीत हाडाच्या ढालीही होत्या. साल्टासॉरसमुळे १९८० मध्ये हे पक्कं झालं, त्याआधी अशा ढाली बघून लोकांना वेगळ्याच चिलखती डायनासोरांची शंका येत असे.

ब्रॉन्टोसॉरसचं तुमचा मुलगा बरोबर सांगतो. मार्शने १८७७ मध्ये अ‍ॅपॅटोसॉरस आणि १८७९ मध्ये ब्रॉन्टोसॉरस केला. १९०३ मध्ये रिग्जने दोन्ही एकच ठरवले, आधीचं नाव राहिलं. २०१५ मध्ये चॉप, मातेउस आणि बेन्सन यांनी शेकडो लक्षणांची तुलना करून दोन्ही पुन्हा वेगळे केले. अर्थात तेही सगळ्यांना मान्य आहे असं नाही.

अवांतर: तुमच्या राज्याचा अधिकृत डायनासोर हॅड्रोसॉरस. १८५८, हॅडनफिल्ड. लांब मानेचा नाही, पण मुलाला घेऊन जा.

---

तर्कदुष्ट

@सातपुडी, उत्तर पटलं. आता इसिसॉरसकडे वळतो. तुम्ही दिलेल्या यादीत मागचा पाय नाही, कवटी नाही. तरीही चित्रांत त्याला तरसासारखा पुढून उंच, मागून उतरता दाखवतात. मागचा पायच नाही तर उतार कुठून आला? टायटॅनोसॉरसच्या चित्राला नावं ठेवायची आणि इसिसॉरसच्या चित्राला टाळ्या?

---

सातपुडी

अहो, दोघांत फरक आहे ना! इसिसॉरसच्या पुढच्या पायाची हाडं प्रत्यक्ष आहेत आणि ती धडाच्या मानाने लांब आहेत. मानेचे मणके आखूड आणि रुंद आहेत, म्हणजे मान या मंडळींच्या हिशेबाने तोकडी आणि जाड होती. एवढं हाडांतून येतं. मागच्या पायाची उंची चित्रकार जवळच्या नातेवाइकांवरून धरतो, तिथे तुमची शंका रास्त आहे. टायटॅनोसॉरस इंडिकसच्या चित्रात मात्र मान, डोकं, पाठ, पाय सगळंच उसनं असतं.

आणि कवटीचं म्हणाल तर भारतातून टायटॅनोसॉरांच्या मेंदूकोशांचे, म्हणजे कवटीच्या मेंदूभोवतीच्या भागाचे, दोन वेगळे प्रकार मिळालेले आहेत. एक जैनोसॉरसचा. त्याचीही कथा नावांचीच आहे: मॅटली यांनी बारा सिमलाहूनच हाडं गोळा केली, ह्युन आणि मॅटली यांनी १९३३ मध्ये त्यांना अंटार्क्टोसॉरस सेप्टेन्ट्रिओनॅलिस म्हटलं, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या प्रजातीची एक जात. १९९५ मध्ये ते वेगळं काढून सोहनलाल जैन यांच्या नावाने जैनोसॉरस केलं. २०१४ मध्ये मादागास्करमधून वाहिनी नावाचा टायटॅनोसॉर आला, त्याचा मेंदूकोश जैनोसॉरसशी जुळतो. भारत आणि मादागास्कर साधारण ८ ते ९ कोटी वर्षांपूर्वी सुटे झाले, आणि हे दोन्ही प्राणी त्यानंतरच्या, डायनासोर युगाच्या शेवटच्या काळातले. फाळणीनंतरही नातं दिसतं ते असं.

---

निवृत्त_मास्तर

धागा उत्तम चालला आहे. कोलकात्याच्या त्या इन्स्टिट्यूटमध्ये फार वर्षांपूर्वी बारापासॉरसचा सांगाडा पाहिला होता. तोही लांब मानेचाच. तो या टायटॅनोसॉरांचा पूर्वज समजायचा काय? तसेच दक्षिणेत जगातील सर्वांत मोठा डायनासोर मिळाला असे वाचल्याचे स्मरते. जाणकारांनी खुलासा करावा.

---

खडकफोड्या

मास्तर, बारापासॉरस टायटॅनोसॉरांच्या कितीतरी आधीचा. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात ज्युरासिकच्या सुरुवातीचे कोटा थर आहेत. नाव सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून, म्हणजे आपल्या गडचिरोलीतलं. त्या थरांतून निदान सहा जनावरांची मिळून तीनशेच्या आसपास हाडं मिळाली, कवटी मात्र नाही, फक्त दात. १९७५ मध्ये नाव दिलं, बारापासॉरस टागोराय, खोदकाम टागोरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षातलं म्हणून. त्याच थरांतला कोटासॉरस, १९८८, यादगिरी यांचा, तो तर त्याच्याहूनही जुन्या वळणाचा. वर सांगितलेल्या दोन मोठ्या फांद्या फुटण्याआधीच्या बुंध्यावर हे दोघे बसतात. थेट पूर्वज कोणालाच म्हणत नाहीत, बाजूचे चुलते म्हणा.

डिप्लोडोकसच्या अंगाचा भारतीयही आता आहे. जैसलमेरचा थारोसॉरस, २०२३, रुरकीची आयआयटी आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे लोक. वय अंदाजे १६ कोटी ७० लाख वर्षं, त्याच्या पोटगटात जगातला सगळ्यात जुना.

दक्षिणेतला म्हणता तो ब्रुहत्कायोसॉरस, तमिळनाडूतल्या कल्लमेडूचा. यादगिरी आणि अय्यासामी यांनी १९८०च्या दशकात वर्णन केला तेव्हा तो चक्क मांसाहारी म्हणून नोंदवला होता! १९९५ मध्ये चॅटर्जी यांनी तो सॉरोपॉड असल्याचं सांगितलं, पुढे टायटॅनोसॉरांत गणती झाली. मूळ हाडं मात्र माती होऊन गेली. खडक इतका ठिसूळ की पावसाळ्यात काही टिकत नाही. २०२२ मध्ये जुने फोटो प्रसिद्ध झाले, त्यामुळे निदान ती हाडंच होती, दगड झालेलं झाडाचं खोड नव्हतं, याला बळ मिळालं. पण फोटोवरून ‘जगातला सर्वांत मोठा’ हा किताब द्यायला माझा तरी हात धजत नाही.

---

गोलमटोल

शाकाहारी होता हे कळायला काही वर्षं लागली म्हणजे… श्रावणात वर्णन करायला हवं होतं.

---

वरोरावाला

अंड्यांचं कुणीच नाही बोललं बाप्पा. मध्य प्रदेशात धारकडं लोक गोल दगड देव म्हणून पुजत होते आणि ती अंडी निघाली, अशी बातमी आली होती. ती पण याच जनावरांची का?

---

सातपुडी

हो, धार जिल्ह्यातलं पाडल्या गाव. शेताच्या हद्दीवर ‘काकड भैरव’ म्हणून ठेवत, गुराढोरांचं राखण व्हावं म्हणून. २०२३च्या शेवटी बातमी आली. त्या पट्ट्यात, बाग-कुक्षीकडे, दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद, हर्षा धीमान आणि सहकारी यांनी ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली, टायटॅनोसॉरांचीच.

वर्गीकरणाच्या दृष्टीने इथे खरी मेख आहे. अंड्यात पिल्लू नसेल तर अंडं कोणाचं हे कळत नाही, म्हणून अंड्यांना वेगळीच नावं देतात, कवचाच्या जाडीवर आणि आतल्या रचनेवर. त्या एका भागात अशा सहा ‘अंडजाती’ मिळाल्या. हाडांवरून भारतात त्या काळचे धड ओळखता येणारे टायटॅनोसॉर मात्र दोनच, इसिसॉरस आणि जैनोसॉरस. म्हणजे हाडांची यादी अपुरी आहे हे अंडी सांगतात. (एकाच जातीची अंडी थोडी वेगवेगळी असू शकतात, हा आक्षेप @तर्कदुष्ट घेणारच, म्हणून आधीच लिहून टाकते.)

गुजरातच्या धोली डुंगरीचं एक घरटं तर जगप्रसिद्ध आहे. धनंजय मोहबे यांनी ते १९८०च्या दशकात शोधलं. अंडी आणि पिल्लाबरोबर जी हाडं होती त्यात साडेतीन मीटरचा साप निघाला, सनाजेह. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला. २०१० मध्ये ते छापून आलं. पन्नास टनांच्या घराण्यातलं पिल्लू जन्मतः अर्धा मीटरचं, त्यामुळे सापाला ते गिळण्याजोगं होतं.

---

तर्कदुष्ट

आक्षेप घेणारच होतो, सोडला.

शेवटचा प्रश्न. लिडेकरचे ते दोन मणके आहेत कुठे? आणि उद्या बारा सिमलाला पूर्ण सांगाडा मिळाला तर टायटॅनोसॉरस इंडिकस परत येऊ शकतो का?

---

सातपुडी

मणके हरवले होते. कितीतरी वर्षं फक्त चित्रांवर आणि साच्यांवर काम चाललं. २०१२ मध्ये कोलकात्याला, भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या संग्रहात मोहबे, सुभाशीष सेन आणि विल्सन यांना त्यातला एक मणका सापडला. २०१३ मध्ये करंट सायन्समध्ये त्यांनी ते जाहीर केलं. पण मणका मिळाला म्हणून त्यावरची लक्षणं काही बदलली नाहीत. नाव शंकास्पदच राहिलं.

परत येण्याची एक वाट आहे, पण अवघड. नावांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे अर्ज करून जुन्या अपुऱ्या नमुन्याऐवजी नवा, चांगला नमुना त्या नावाचा आधार म्हणून मागता येतो. इंग्लंडच्या सेटिओसॉरसचं तसं झालं, २०१४ मध्ये आयोगाने चांगला सांगाडा असलेली जात त्या प्रजातीचा आधार म्हणून मान्य केली. डिप्लोडोकसचं दुखणंही आपल्यासारखंच. मार्शची १८७८ची मूळ जात मुख्यतः शेपटीच्या मणक्यांवर उभी, तीही शंकास्पद. तिच्याऐवजी सांगाड्याने समृद्ध असलेली कार्नेगी जात घ्यावी असा अर्ज गेला आणि २०१८ मध्ये आयोगाने तो फेटाळला. म्हणजे एक होकार, एक नकार.

माझ्यापुरतं विचाराल तर बारा सिमलाला नवा सांगाडा मिळाला तरी असा अर्ज करू नये. त्या टेकडीवर एकाहून जास्त टायटॅनोसॉर आहेत, जैनोसॉरसही तिथलाच. नवा सांगाडा त्या मणक्यांच्या मालकाचा आहे हे कशावरून म्हणणार?

---

खडकफोड्या

मी उलट बाजूने. टायटॅनोसॉरस हे आशियातून नाव मिळालेल्या पहिल्या काही डायनासोरांपैकी. इतकं जुनं, इतकं रुळलेलं नाव वाचवण्यासाठीच तर आयोग असतो. चांगला सांगाडा त्याच थरातून आला, मणके जुळले, तर अर्ज जरूर करावा. फेटाळला तर फेटाळला.

---

निवृत्त_मास्तर

खुलाशाबद्दल आभारी आहे. नातवंडांना घेऊन प्रत्यक्ष काही पाहायचे असेल तर कोठे जावे?

---

खडकफोड्या

मास्तर, बारापासॉरस तुम्ही पाहिलाच आहे, तो कोलकात्याला. इसिसॉरसची हाडंही त्याच इन्स्टिट्यूटची. कोटासॉरसचा उभा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात, महाराष्ट्रातून तो सगळ्यात सोयीचा. अंडी बघायची तर गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली, तिथे उद्यान आणि संग्रहालय दोन्ही आहे. उन्हाळ्यात जाऊ नका, उघडं माळरान आहे. आणि वरोऱ्याकडे गेलात तर शेतातला गोटा खिशात घालू नका, जागेवरून हलला की त्याचा अर्धा अर्थ गेला.

---

वरोरावाला

या मास्तर, नातवंडांना घेऊन. पिसदुऱ्याच्या बांधावरून दाखवतो सगळं. गोटे तिथंच राहू द्या, फोटो किती बी काढा.